एक्स सोडून का द्यायचा?

...नाही, पण मला सांगा, एक्स सोडून का द्यायचा? हां? काय घोडं मारलंय त्यानं तुमचं?

तुम्हाला सांगतो, माझी मुलगी फार्मसीच्या पहिल्या वर्षाला, लांब, होस्टेलवर. तिची आई गेल्यापासून घरात मी आणि फ्रिज, आणि त्यातल्या त्यात बोलतो तो फ्रिजच! मी आपणहून फोन केला, "कशी आहेस?" तर "बरी आहे." संपलं! पण रविवारी सकाळी तिचा फोन यायचा, "बाबा, समतोलाचं गणित अडलंय!" मी निवृत्त केमिस्ट्रीचा मास्तर, लगेच चहा ओतून बसायचो... सुरुवातीला पदार्थ किती? त्यातला तुटला किती? माहीत नाही, म्हणून एक्स! उरला किती? सुरुवातीचा वजा एक्स. मांड वर्गसमीकरण, पानभर! आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मी मुद्दाम एक चिन्ह चुकवायचो. उत्तर यायचं उणे. "अहो बाबा, बाटलीत पदार्थ उणे कसा असेल?" "अरेच्चा! खोड सगळं, पहिल्यापासून घेऊ!" मग खोडता खोडता नाश्ता केलास का, खोकला गेला का, पांघरूण पुरतं का... चहा पार गार व्हायचा. काय सुंदर गार चहा असायचा हो तो!

आता खरं म्हणजे अभिक्रिया आळशी असली, पदार्थ जेमतेम तुटत असला, की एक्स इतका किरकोळ असतो की वजाबाकीतून काढूनच टाकतात. दोन ओळींत उत्तर! जन्मभर लोकांच्या पोरांना मीच ओरडून सांगितलं, "सोडा तो एक्स, पेपर संपवा!" पण स्वतःच्या पोरीला? छे! एक्स सोडून का द्यायचा?

तर परवाच्या रविवारी फोन आला. मी चहा ओतला, चष्मा लावला... "बाबा, आलं उत्तर! रूममेट म्हणाली, एवढं काय करत बसतेस, एक्स सोडून दे!" कोण ही रूममेट? तिला आईबाप नाहीत? मी घाईघाईनं म्हटलं, "अगं, पण सोडल्यावर तपासायचं असतं, एक्स सुरुवातीच्या पदार्थाच्या पाच टक्क्यांच्या आत आहे का ते!" म्हटलं, निदान तपासण्यात तरी... "तपासलं बाबा, एक टक्कासुद्धा नाही! असला काय, नसला काय! ठेवते हं, पिक्चरला चाललोय सगळ्या."

बरोबर आहे हो तिचं, पैकीच्या पैकी मार्क. फार एकटं वाटलं, पण मास्तर म्हणून तक्रारीला जागाच नाही. फोन ठेवला, सवयीनं कप उचलला, मोठा घोट घेतला...

जीभ भाजली हो!