दुबार प्रोग्रॅम रद्द केल्याबाबत

विषय — घरच्या लिनक्स संगणकावर एकच प्रोग्रॅम दोनदा आढळल्याबाबत. संदर्भ — माझी स्वतःची अक्कल. लिहून घेऊ नका हो, कारकुनी सवय आहे. माणूस निवृत्त होतो, जीभ होत नाही. त्या खुर्चीवर नको, तिथे हिचे दोरे आहेत. इकडे संगणकापाशी बसा, दुरुस्तीला बोलावलंय तुम्हाला. चहा विचारला असता, पण साखर कुठे असते ते हिलाच ठाऊक — ही बहिणीकडे गेलीय. सहज.

तर ही भरतकामाचे नमुने काढते, त्याचा प्रोग्रॅम. यादीत पाहतो तर एकाच नावाचे दोन! एक डेब पद्धतीने बसवलेला, म्हणजे एकत्र कुटुंब — मीठ-तेल सगळ्यांचं एका कोठारातलं, एकाने डबा बदलला की दुसऱ्याचा स्वयंपाक बिघडतो, पण घर कसं भरलेलं. दुसरा वेगळी चूल मांडलेला — भांडीकुंडी स्वतःची, जागा अडवणार, वर आतून कडी. तो स्नॅप की फ्लॅटपॅक, मला दोघे भाऊ सारखेच. त्यापेक्षा अ‍ॅपइमेज बरा, पाहुणा — एक पिशवी घेऊन येतो, पिशवी उचलली की गेला. मग मी काय केलं? वेगळी चूल मोडली. दुबार नोंद रद्द करण्यात जन्म गेला माझा, घरात करू नये?

नमुने त्या चुलीपाशीच होते? — ते आता कळलं हो. तेव्हा कोणी सांगितलं? म्हणजे, हिने सांगितलं होतं — “माझं सगळं त्यात आहे, हात लावू नका” — पण बायको सांगेल ते सगळं ध्यानात ठेवायचं तर ऑफिसला कधी जायचं? निवृत्त आहे, कबूल. बोलण्याची पद्धत असते एक.

काय म्हणता, भाऊ सारखे नाहीत? फ्लॅटपॅक असता तर काढताना आतलं कामही पुसू का विचारतो, आणि हो म्हटलं की पुसतो — मी तर न वाचता मंजूर करतो! — आणि हा स्नॅप होता? नोंद दिसतेय? काढताना एक प्रत बाजूला ठेवतो? मग आहेत की नमुने! काढा, काढा — महिनाभरच ठेवतो? अहो, महिना होतच आला, ही गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी — सहजच गेली, पण — पासवर्ड? हिचाच लागतो, हिच्या आईचं नाव. नाही चालत? पुन्हा टाका.

बदलला. जाताना बदलला तिने.

दुसऱ्या वाटेने उघडता येईल म्हणता? येत असेल. नको. तिला न विचारता पुन्हा नको.

थांबा, संदेश लिहितो. “नमुने अजून मिळण्यासारखे आहेत. तुझा पासवर्ड लागेल. देशील का?” आणखी काय? — माफी? ती कुठे बसवायची, मसुदा छान झाला होता. — घातली. पाठवला.

वाचला तिने. लगेच वाचला.

निघा तुम्ही, तुमची इतर कामं असतील. काही कळलं तर कळवतो. अर्ज पोचला आहे. उत्तर अद्याप नाही.