झाडाच्या वर तू, झाडाखाली तुम्ही

...आणि वर ही आजकालची पोरं मलाच ऐकवतात, ‘काका, त्यात एवढं काय, सरळ विचारून टाकायचं ना!’ सरळ? अहो, डोंगरात सरळ काय असतं? मी, कासियान, ऑस्ट्रियातल्या ह्या टिरोलच्या डोंगरात चाळीस वर्षं गाइड होतो, पाहुण्यांना दोरीला बांधून वर न्यायचो, स्कीवरून खाली आणायचो, एक वाट सरळ नेली नाही, सगळ्या नागमोडी, म्हणून तर सगळी माणसं धड घरी पोचली! सरळ म्हणे!

तुम्हाला सांगतो, आमच्या गावाचा एक नियम आहे. देवळाच्या वर तासभर चढलं की लार्चचं एक एकटं झाड लागायचं. त्या झाडाच्या वर सगळे एकमेकांना ‘तू’. न्यायाधीश असो, बिशप असो, गुराखी असो... तू! आणि उतरताना झाड ओलांडलं की परत ‘तुम्ही’. झाडाच्या वर तू, झाडाखाली तुम्ही. कोणी केला नियम? देव जाणे. पण का केला ते मी सांगतो. व्हिएन्नाचे एक सरकारी सल्लागार यायचे माझ्याकडे, त्यांच्या पदव्या म्हणून होईस्तोवर माझी कॉफी गार व्हायची. आता हे गृहस्थ बर्फात मागे मागे सरकतायत, मागे कडा, आणि मी म्हणतोय, ‘माननीय सल्लागार डॉक्टर महोदय, आपण कृपा करून...’ गेले की हो महोदय! त्यापेक्षा ‘थांब, गाढवा!’ वाचला माणूस! आणि तासाभरानं झाडाखाली तेच गाढव टोपी सावरून मला म्हणणार, ‘गाइडसाहेब, आज आपण फार छान नेलंत.’ मी म्हणणार, ‘आपली कृपा, महोदय.’ काय बिघडलं? कोणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते माझं. कारण ब्रेमेनहून यायच्या त्या डॉक्टरबाई. हेडविग ल्यूडर्स. दातांच्या डॉक्टर. दर मार्चला, बावीस वर्षं. आता ब्रेमेन म्हणजे इतकं सपाट की तिथे चढ म्हणजे नदीवरचा पूल, पण बाईंचं चालणं बघावं! चढताना मागे घसरू नये म्हणून आम्ही स्कीला खालून केसाळ पट्टी चिकटवतो, कातडं म्हणतो तिला, तर माथ्यावर पोचलं की कातडं सोलून, घडी घालून, कोटाच्या आत छातीशी. का? गोंद गार पडू नये म्हणून. पहिल्या वर्षी मी एकदा, एकदाच बोललो होतो, आणि तिनं बावीस वर्षं तसंच केलं. माझ्या सख्ख्या पुतणीला, लेनीला, ती आज स्वतः गाइड आहे, तिला अजून सांगावं लागतं! ...बघा, गोष्ट माथ्यावर पोचली आणि बाईंची ‘ती’ झाली. माझी जीभच तशी झालीय, काय करणार?

तर मला तिला एकच गोष्ट विचारायची होती. ती इथे राहील का. बस. आता तुम्ही म्हणाल, विचारायचं ना वर, झाडाच्या वर! अहो, वर ती माझ्या दोरीला बांधलेली! दोरीला बांधलेल्या बाईला असलं विचारायचं असतं का? तिनं ‘नाही’ म्हणायचं कसं? जायचं कुठे? शोभतं का हे गाइडला? बरं, मग खाली विचारावं... तर खाली ‘तुम्ही’! ‘डॉक्टरबाई, आपण इथे राहाल का?’ हे तर हॉटेलवाला विचारतो! वर नाश्त्याचंही विचारतो! ‘राहशील का’ आणि ‘राहाल का’, ह्या दोन शब्दांच्या मधे ते झाड उभं, आणि त्याच्याखाली मी. बावीस वर्षं.

एका वर्षी तर जवळजवळ... धुकं असं आलं की आपल्याच स्कीची टोकं दिसेनात. मी ओरडलो, ‘हेडविग, हलू नकोस!’ आणि ती हलली नाही. पाऊण तास बसली बर्फात, माझा आवाज येत होता तिकडे तोंड करून. मग झोपडीत सूप प्यायलो, तिच्या वाटीतला पावाचा अर्धा गोळा तिनं न विचारता माझ्या वाटीत टाकला. उतरताना झाडापाशी थांबली. एक स्की झाडाच्या वर, एक खाली. म्हणाली, ‘कासियान, घाई आहे का रे?’ आणि मी... मी काय म्हणावं? माझे पाय झाडाखाली होते हो! मी म्हटलं, ‘डॉक्टरबाई, बर्फ मऊ व्हायला लागलाय, चला.’

चला! अजून तो ‘चला’ माझ्या कानात आहे. फार वाईट वाटतं.

पुढे त्यांचा गुडघा गेला, माझा खुबा बदलला. सहा वर्षं नुसती नाताळची कार्डं. ‘आदरणीय डॉक्टरबाई’, ‘आदरणीय गाइडसाहेब’. लेनी डोक्याला हात लावायची, ‘काका, पत्रात तरी तू म्हण!’ मी म्हटलं, बाळ, पोस्ट ऑफिस झाडाखाली आहे.

आणि ह्या फेब्रुवारीत हिमस्खलन झालं. माणूस-जनावर कोणी दगावलं नाही, पण आमचं झाड मुळासकट उचललं आणि कुठे आणून आडवं घातलं असेल? बसस्टॉपला! लेनी म्हणाली, ‘काका, झाड खाली आलं, आता नियमही खाली आला.’ मी म्हटलं, थट्टा पुरे. झोप नाही लागली मला.

मार्चमध्ये बाईंचं कार्ड आलं, येतेय म्हणून, आणि ठरल्या दिवशी बस आली. दारातून आधी काठी उतरली, मग गुडघा, मग बाई. मी टोपी काढली. ‘नमस्कार डॉक्टरबाई, प्रवास कसा झाला आपला?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. झाडाकडे बघितलं. आणि काठी टेकत टेकत खोडाला वळसा घालून डोंगराच्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाली, ‘कासियान, मी वर आहे. ये.’

गेलो. सहा पावलं असतील, पण दम कसला लागला! दोरी नाही, धुकं नाही, कारण म्हणून सांगायला एक नाही! बसवाल्यानं इंजिन बंद केलं, मेल्यानं, नीट ऐकू यावं म्हणून! मी म्हटलं, ‘राहशील का?’ एवढंच. कुठे, कशाला, काही सुचलंच नाही.

ती म्हणाली, ‘बावीस वर्षं, मूर्खा! मला वाटायचं ह्या माणसाला फक्त हवामान कळतं!’ आणि मग म्हणाली, ‘सामान घे.’

राहिली. इथेच, माझ्या घरी. पंचायतीनं झाड कापून नेलं तेव्हा मी एक ओंडका मागून घेतला, चुलीपाशी त्याचा बाक केला. कारण नियम म्हणजे नियम! बाकावर बसलं की तू, उतरलं की तुम्ही. लेनी हसते. हसू दे. सकाळची कॉफी आम्ही बाकावरच घेतो, दोन दोन कप, उठवत नाही.

पण तुम्हाला सांगतो, एक घोळ झालाय ह्यात, माझ्या तेव्हा लक्षातच आला नाही. बाई चिडली की बोलत नाही, भांडत नाही, नुसती बाकावरून उठते. मघाशी, तुमच्याकडे यायला निघालो, तर उठली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून गोड आवाजात म्हणाली, ‘गाइडसाहेब, आपण परत आलात की जरा बोलायचं होतं आपल्याशी.’

चाळीस वर्षं कड्यांवर लटकलो हो मी, पण असला कडा बघितला नाही. ...नाही, बसत नाही आता. निघतो. आधी बाकावर जाऊन बसतो गुपचूप, बघतो, येऊन बसते का शेजारी.