फुगवलेली कोळंबी

हॅलो?… हो, सोराइदाच बोलतेय. कोण?… अगं बाई! डॉन एव्हारिस्तो! कोळंबी कारखान्याचे मालक, आणि मला फोन? नऊ महिन्यांनी आठवण झाली होय?

बोला ना, वेळच वेळ आहे मला. नोकरीवरून तुम्हीच नाही का काढलंत?… हो, गेले होते ग्वायाकिलला. तुमची बंद पाकिटं दुकानातून विकत घेतली, पावतीसकट, तिथल्या प्रयोगशाळेत दिली तपासायला, आणि तक्रारही नोंदवली… अहो, ऐका तर!

खोटं?… अकरा वर्षं तुमच्याच प्रयोगशाळेत कोळंबी तपासली मी, मला नका शिकवू. काळी पडू नये म्हणून सल्फाइट सगळेच घालतात. पण किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आत! तुमच्यात तीनशे चाळीस निघालं. मागेही एवढंच होतं. मी अहवालात लिहिलं, तुम्ही खोडलंत… तुम्ही नाही? मग खाली सही कुणाची, तुमच्या पोपटाची?

…हो, तेही निघालंय. पाणी पाजून फुगवलेली! पाकिटावर प्रथिनं वीस ग्रॅम छापता, आत तेरा. पोरांच्या तोंडी पाणी घालता, डॉन एव्हारिस्तो, कोळंबीच्या भावानं!

सूड?… हो, सूडच म्हणा. लाज नाही वाटत मला. माझी बहीण रोसाउरा… आठवते? तुमच्याकडेच कोळंबी सोलायची. दम्याची पोर, सल्फाइट म्हणजे तिला विषच. ईस्टरला तुम्ही कामगारांना पाकिटं वाटलीत, तिनं लिंबाच्या रसात मुरवून सेविचे केलं. चार घास खाल्ले असतील… ओठ निळे पडले हो, माझ्या मांडीवर. दवाखान्यात बाराव्या दिवशी जीव गेला तिचा. आणि तुमचा निरोप काय? ‘लिंबू बाधलं असेल!’ आकडे घेऊन दारात आले, तर रखवालदाराकरवी हाकललंत.

नाही. तक्रार मागे घेणार नाही. रडा, खुशाल रडा. बरं वाटतंय ऐकायला.

काय?… तुमच्या घरी पण हीच खातात? वा!… आज?… आईंचा वाढदिवस… त्याच पाकिटांतली?

…

थांबा, थांबा.

तुमच्या आईंच्या, डोन्या लुक्रेसियांच्या पर्समध्ये तो दम्याचा, तोंडात मारायचा पंप असतो ना?… अजूनही?… जेवायला बसल्या का त्या?… माहीत नाही म्हणजे काय! मग फोन ठेवा. ठेवा म्हणते ना! घरी लावा, ताट उचलायला सांगा त्यांच्यापुढून!… माफीबिफी राहू द्या. तक्रारीतला एक शब्द बदलणार नाही मी, तुम्हाला तुरुंगात बघायचंय मला… पण त्या म्हातारीनं काय केलंय माझं? अहो, अजून बोलताय काय! लावा फोन!

हॅलो?… डॉन एव्हारिस्तो?…

ठेवला.

देवा, तिकडे कुणीतरी फोन उचलू दे रे.