कालची रेघ

मी मूळचा रिठदचा, रिसोड तालुका, घरी शेती नावालेच, म्हून मामानं बोलावलं तसा गेलो वणीकडच्या सरकारी खदानीत, तिथं पंपावर लागलो आन् पंपावरच रिटायर झालो. काय सांगू तुमाले, खदानीतून कोयसा निंगते तेवढा लोकायले दिसते, पाणी कोनाले दिसत नाई.

मंग कोयसा सरला, बंदचा हुकूम आला, मानसं बदलीवर गेले, आमी चार जन पंपावर राह्यलो. काहून, तर बाजूची खदान चालू, मधात फक्त कोयशाची भित, आन् तिकडं माह्या बायकोचा भाऊ सुधाकर कामाले. इकडचं पाणी चढलं का भितीवर जोर, भित फुटली का तिकडचे सारे गेले. अशात मोठ्या हापिसातून साहेब आला, म्हने एक टन कोयसा नाई आन् लाइटबिल एवढं, पगार वेगळे, जावई पोसून राह्यले का तुमी, तीनातले दोन पंप बंद करा. मी हुकमाचा मानूस, केले बंद. तेच चुकलं माहं.

आमची रीत अशी, ड्यूटी सुटतानी पाण्याच्या वर भितीले खडूनं रेघ मारायची, दुसऱ्यानं येऊन ते पाह्याची. तीन दिवस रेघ वरच सरकून राह्यली. साहेबाले सांगतलं तर म्हने रजिस्टरात लिहा. मले रागच आला, म्हनलं लिहून पाणी उतरते काय, तुमीच चाला खाली. आला बिचारा गमबूट घालून, बॅटरी मारली, म्हने कुठं हाये कालची रेघ.

"पाण्यात पाहा साहेब, तुमच्या गुडघ्यापाशी."

त्यानं बॅटरी भितीकडं फिरवली, मंग हळूच म्हने, तुमचं कोनी हाये काय तिकडं. हाव म्हनलं, बायकोचा भाऊ हाये, आन् नसता तरी सांगतलंच असतं. त्याच दिवशी तिन्ही पंप चालू झाले. खोटं कायले बोलू, मानूस चांगला निंगाला, पन पैसा त्यालेबी वरून मांगाच लागे.

आता गावात पारावर लोक म्हनतेत, खदान बंद झाली, सरकारचा पैसा वाचला असन. अरे बाप्पा, वाचते कायचा? चालू खदानीचा खर्च कोयसा भरते, बंद खदानीचं पाणी उपसाचे पैसे कोन भरन? दरसाल नवा साहेब येते आन् तेच पुसते, कोयसा नाई तं लाइटबिल कायचं. म्हून मी रोज सांजच्याले सुधाकरले फोन लावतो, तो अजून तिकडंच कामाले, तब्येतपानी नंतर, पयले एकच, पंप चालू हायेत का रे. हाव भाऊजी, म्हनते. मंग मी बायकोले म्हनतो, वाढ आता.