पुढच्या महिन्याचं पत्र

आई : ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय. इथे पलंगावर बसा. हं, आता पुन्हा सांगा. कुठल्या खात्यातून आलात म्हणालात?

कारकून : सावली खात्यातून. पण खात्याने पाठवलेलं नाही मला, बाई. माझा मी आलोय.

धाकटी : सावली खातं? आई, ताईचं खातं! काका, दीड महिन्याने यानांच्या गोदीवर हजर व्हायचंय ना मला, त्याचंच काही राहिलंय का? कागद तीनदा तपासलेत मी. दातांचा दाखलासुद्धा जोडलाय.

कारकून : कागद सगळे बरोबर आहेत. तुमचा अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. ‘खात्यात का यायचं आहे’ या रकान्यात तुम्ही एकच ओळ लिहिली आहे.

धाकटी : ‘ताईच्या पत्रांमुळे.’ खरंच आहे ते. बाकीच्यांनी पानंच्या पानं लिहिली असतील, साम्राज्याची सेवा आणि काय काय. मला नाही तसलं जमत.

आई : मला विचाराल तर मी हिला नको म्हणते आहे. एक लेक दिली ना? अकराशे ग्रहांचं राज्य तुमचं, त्यातल्या कुठल्या कोपऱ्यात माझी पोर आहे, एवढंही सांगायला बंदी. नऊ वर्षांत तोंड बघितलं नाही तिचं. पण ही ऐकेल तर शपथ. दर तीन महिन्यांनी थोरलीचं पत्र येतं आणि ही आठ दिवस जमिनीवर नसते.

कारकून : त्या पत्रांबद्दलच बोलायचं होतं.

धाकटी : का? काही लिहू नये ते लिहिलं का तिने? ती कधीच काही सांगत नाही हो. कामाचं अक्षरसुद्धा नाही. तिला त्रास देऊ नका.

कारकून : नाही, त्यांना आता कोणी त्रास... बाई, मला हे नीट सांगता येत नाहीये. येताना चार वेळा म्हणून पाहिलं मी. ती पत्रं मी लिहितो.

आई : तुम्ही लिहिता म्हणजे? ती सांगते आणि तुम्ही उतरवता?

कारकून : नाही. त्या सांगत नाहीत. सहा वर्षं झाली, त्या नाहीत.

आई : नाहीत म्हणजे कुठे नाहीत?

कारकून : वारल्या, बाई.

धाकटी : काहीतरीच. दोन महिन्यांपूर्वीच पत्र आलंय. आई, तू घाबरू नकोस. हे असलं करतात ते, मी ऐकलंय. भरतीआधी माणूस पाठवतात, काहीतरी भयंकर सांगतात आणि बघतात आपण हलतो का. परीक्षा असते ती. काका, झालं का? पास झाले का मी?

कारकून : परीक्षा नाही. असती तर बरं झालं असतं. हे घ्या.

धाकटी : काय आहे?

कारकून : पुढच्या महिन्याचं पत्र. अजून पाठवलेलं नाही.

(धाकटी कागदाची घडी उलगडून वाचू लागते.)

आई : मोठ्याने वाच.

धाकटी : ‘प्रिय चिमणे, तुझी निवड झाल्याचं कळलं आणि ऊर भरून आला. आईला समजाव, ती वरवर रागावेल. तू ये. आपण दोघी एकाच...’ आई, ताईचं अक्षर आहे. तिचा तो वाकडा ‘ळ’ आहे. ‘चिमणे’ म्हटलंय.

आई : आण इकडे. ... हो. तिचंच आहे अक्षर.

कारकून : शाई परवाची आहे. मी लिहिलंय. पहिली तीन वर्षं त्या स्वतः लिहायच्या आणि ती पत्रं तपासायला माझ्याकडे यायची. एकेक अक्षर पाठ झालं होतं मला. त्या गेल्यावर वरून हुकूम आला, पत्रं थांबता कामा नयेत. घरच्यांना कळलं तर कुठे गेली, कशी गेली विचारतील. आणि ते खात्याला बाहेर येऊ द्यायचं नव्हतं.

आई : माझ्या लेकीचं अक्षर चोरलंत तुम्ही.

कारकून : हो.

आई : मेलेल्या पोरीच्या हातून मला लिहीत होता. ‘आई, कामावरून चढ चढून येतेस, गुडघ्याला तेल लाव.’ मी लावत होते!

कारकून : हो, बाई.

धाकटी : थांबा. थांबा जरा. मी पण उत्तरं लिहायचे. ती कुठे जायची?

कारकून : माझ्याकडे.

धाकटी : सगळी वाचलीत?

कारकून : वाचल्याशिवाय उत्तर कसं देणार?

धाकटी : मी दुसऱ्यांदा नापास झाले होते ते आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. फक्त तिला. आणि तो पंपघरातला, त्याच्याबद्दल मी विचारलं होतं, होकार देऊ का. तिने लिहिलं, ‘जो तुझं बोलणं अर्ध्यात तोडतो त्याच्याबरोबर आयुष्य काढू नकोस.’ ते तुम्ही? एका कारकुनाच्या सांगण्यावरून मी त्याला नाही म्हटलं?

कारकून : त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या, याचा मी दोन दिवस विचार केला होता. माझं एवढंच म्हणणं आहे. बाकी बचाव नाही माझ्याकडे.

आई : कोण पंपघरातला?

धाकटी : आई, आत्ता नको.

आई : बरं. आत्ता नको. तुम्ही सांगा. कशी गेली?

कारकून : सांगायलाच आलोय. एका खाणीच्या चंद्रावर होत्या त्या. तिथे बाहेर हवा नाही, सगळी वस्ती जमिनीखाली. आत नळांनी हवा खेळवायची, आणि ते नळ सांभाळणारे कारागीर असतात. त्यांच्यात यांना पेरलं होतं. काम एवढंच, कोण कोणाला भेटतं ते ऐकायचं आणि रेडिओवरून कळवायचं. मी इकडे बसून उतरवून घ्यायचो.

आई : चहाडखोरी.

कारकून : आमच्यात त्याला वार्तांकन म्हणतात. पण हो, तेच. मग खाणकामगारांनी संप केला. हवा मोजून मिळायची ना, ती वाढवून मागत होते. महिनाभर सगळं बंद. एके दिवशी खालच्या मोठ्या दालनात सभा ठरली. सावली खात्याचा हुकूम निघाला, सभा चालू असताना दालनाची हवा तोडायची. नळ फुटला असं दिसलं पाहिजे.

धाकटी : ताईला सांगितलं? हे ताईला करायला सांगितलं?

कारकून : मी सांगितलं. हुकूम साहेबांचा होता, पाठवला मी. शब्दाला शब्द.

आई : आणि तिने काय केलं?

कारकून : उलट कळवलं. ‘बायका आहेत, पोरं आहेत. घरात कोणी राखायला नाही म्हणून सगळी सभेला आलीत. हुकूम पुन्हा तपासा.’ मी आत जाऊन साहेबांना सांगितलं. साहेब जेवत होते. म्हणाले, पुन्हा पाठव. मी पुन्हा पाठवला.

आई : तुम्हाला पोरंबाळं आहेत?

कारकून : नाहीत. असती तरी पाठवला असता बहुतेक. तेव्हाचा मी तसाच होतो, बाई. खोटं कशाला बोलू?

धाकटी : पुढे?

कारकून : त्यांनी फक्त ‘नाही’ एवढंच कळवलं. अख्ख्या नोकरीत मी तो शब्द रेडिओवर पहिल्यांदा ऐकला. पण खात्याने तिथे आणखी एक माणूस ठेवला होता. यांना ठाऊक नव्हता, मलाही नव्हता. त्याने मुख्य नळ तोडला. तशी दालनाची दारं आपोआप बंद झाली. एकच सुटायची वाट होती. बाजूच्या बोगद्यातलं दार, ते बाहेरून चाक फिरवून वर उचलावं लागतं. चाक सोडलं की दार खाली. आणि चाक होतं त्या कोनाड्यातली हवा आधीच गेली होती.

आई : ती गेली तिथे.

कारकून : अंगात दाबाचा सूट होता, दुरुस्तीचा. त्यात वीस मिनिटांची हवा. चाक धरून उभ्या राहिल्या. माणसं दारातून पलीकडच्या हवा असलेल्या खोलीत पळत होती. एकशे चार माणसं. कडेवरची वेगळी मोजली नव्हती त्यांनी. मला आकडा सांगत होत्या, जसा नेहमी सांगायच्या तसा. सव्वीस मिनिटं लागली.

धाकटी : वीसची हवा होती म्हणालात.

कारकून : हो.

धाकटी : आई... आई, खाली बस. अशी उभी राहू नकोस.

आई : मला काही झालेलं नाही. तिथल्या लोकांना माहितीये? कोणी दार धरलं ते?

कारकून : चेहरा माहितीये. नाव त्यांना खोटंच ठाऊक होतं. त्यांनीच मूठमाती दिली. खात्याच्या दफ्तरात त्या अजून कामावर हजर आहेत.

आई : सहा वर्षं गप्प बसलात. मग आजच का जीभ सुटली?

कारकून : हा अर्ज आला आणि साहेबांनी बोलावून सांगितलं, ‘बहीण कामाची दिसते. पुढच्या पत्रात बोलाव तिला, डळमळायला नको.’ मी लिहिलं. सवयीने लिहून टाकलं. सही केली. मग वाळायला ठेवलं आणि बघत बसलो. बाई, मी काही शूर माणूस नाही. पण ते पाकिटात घालून चिकटवायला हात उचलेना.

धाकटी : मी नाही गेले तर? सही केलीये मी.

कारकून : शपथ होईपर्यंत नाही म्हणता येतं. कारण द्यावं लागत नाही, पण विचारतात. काही खोडसाळ माणसं असतात तिथे, टोचून विचारतात. आणि मी आलो होतो हे चुकूनही...

धाकटी : सांगेन घाबरले म्हणून. आयत्या वेळी पाय लटपटले. हसू देत. गल्लीतली चार पोरंही हसतील, महिनाभर हसतील. बस.

आई : तुला जमेल? तू तर तोंडाने फटकळ.

धाकटी : जमवेन. मला आत्ता खरंच भीती वाटतेय आई, नाटक कुठे करायचंय?

आई : आणि पत्रं?

कारकून : पुढच्या तिमाहीला येणार नाहीत. किंवा येतील, दुसऱ्या कोणाच्या हातची. माझी जागा रिकामी राहणार नाही. आली तर ठेवून घ्या आणि आनंद झाल्यासारखं उत्तर द्या. तेवढं सांभाळा.

धाकटी : तुमचं काय होणार?

कारकून : परवापर्यंत रजेवर आहे मी. मग बघतील, शोधतील. एक मालवाहू यान आहे, त्याचा स्वयंपाकी ओळखीचा आहे. येतो मी. बाई, क्षमा मागायचं तोंड नाही मला.

आई : मागूही नका. मला देता येणार नाही. आज तरी नाही.

कारकून : बरोबर आहे.

आई : थांबा. असे दारात जाऊन उभे राहू नका, समोरची बाई दिवसभर खिडकीतच असते. आत या. एक विचारते, त्याचं खरं उत्तर द्या. माझं मन राखायला नाही.

कारकून : विचारा.

आई : दार धरून उभी होती, ती एकटीच होती का? शेवटी?

कारकून : तिथे एकटी. पण रेडिओ चालू होता. नियम असा की ऐकायचं आणि उतरवायचं, आपण बोलायचं नाही. मी बोललो. म्हटलं, ‘मी आहे इथे. बोल.’

आई : काय म्हणाली?

कारकून : आकडे संपले होते. दम लागला होता. मग विचारलं, ‘आमच्या गावात आता किती वाजले असतील?’ मी तक्ता काढून बघितलं. म्हटलं, सव्वापाच.

धाकटी : मग?

कारकून : म्हणाली, ‘म्हणजे आईची कामाची पाळी सुटली. आता चढ चढत असेल.’ त्यानंतर काही बोलली नाही.

आई : हो. सव्वापाचला मी चढावरच असते.