मागच्या दारी दिलेला एप्रन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय डॉ. लुत्फी बिशारा, खास कैरोहून आलेल्या प्रमुख पाहुण्या मॅडम इग्लाल, सत्कारमूर्ती उस्ताद वहीद मनस्तरली, नसीम थिएटरचे माझे सहकारी, आणि ज्यांना नमस्कार नेहमी सर्वांत शेवटी मिळतो ते गॅलरीतले माझे बहारी मोहल्ल्याचे शेजारी, सर्वांना इन्शिराहचा सलाम.

एकोणीस वर्षं मी उस्तादांची प्रॉम्प्टर आहे. विंगेतल्या अंधारात उभं राहून दुसऱ्याचे शब्द कुजबुजायचे, हे माझं काम. उजेडात, माइकसमोर, स्वतःचे शब्द बोलायची ही पहिलीच वेळ. तेव्हा सांभाळून घ्या.

मघापासून तीन वक्त्यांनी 'अम्म सरदीन'ची आठवण काढली. का काढू नये? तोतऱ्या, निळ्या एप्रनमधल्या त्या मासेवाल्या काकावर दोन पिढ्या हसल्या. ईदला टीव्हीवर तो लागला नाही तर ईद झाल्यासारखी वाटत नाही. मॅडम म्हणाल्या, हे पात्र उस्तादांना कुठून सुचलं, हे एक कोडंच आहे. मॅडम, कोडं वगैरे काही नाही. ते या थिएटरच्या मागच्या दारात सापडलं. मी तिथं हजर होते.

तेव्हा मी अकरा वर्षांची. माझ्या वडिलांचं बहारीत तळलेल्या माशांचं दुकान होतं. उन्हाळ्यात कैरोची मंडळी नाटकं घेऊन अलेक्झांड्रियाला उतरली, की वडील उस्तादांचा पहिला प्रयोग कधी चुकवायचे नाहीत. त्या वर्षी प्रयोग संपल्यावर ते मागच्या दाराशी उभे राहिले. हातात परात, परातीत कांद्याचा तपकिरी भात, वर दोन बोई मासे, अंगावर निळा एप्रन. आईनं बजावलं होतं, "एप्रन काढून जा हो." म्हणाले, "असू दे गं. उ-उस्तादांना कळायला हवं, मा-मासेवाल्यानं आणलंय."

उस्ताद बाहेर आले. भोवती आठ-दहा जण. वडील पुढं झाले. "उ-उस्ताद, त-तुमच्यासाठी बो-बोई. आ-आत्ताच तळलाय."

उस्ताद थांबले. "काय म्हणालात काका? पुन्हा सांगा."

वडिलांनी पुन्हा सांगितलं. उस्ताद म्हणाले, "अजून एकदा." वडिलांनी तेही केलं. मग उस्ताद मंडळींकडे वळून म्हणाले, "अरे, याचं वाक्य संपेपर्यंत मासा शिळा व्हायचा की!" सगळे हसले. वडीलही हसले. आपल्या आवडत्या नटानं आपलं बोलणं तीनदा ऐकून घेतलं, याचाच त्यांना आनंद! निघताना उस्ताद म्हणाले, "काका, हा एप्रन देता? आठवण म्हणून ठेवीन." वडिलांनी तिथल्या तिथं गाठ सोडली.

आता आपले नट संहितेबाहेर जातात, हे का मी तुम्हाला सांगायचं? गुरुवारी रस्त्यात ऐकलेलं शुक्रवारी रंगमंचावर येतं. प्रेक्षक त्यासाठीच तर तिकीट काढतो. दोन दिवसांनी कुणीतरी दुकानात येऊन म्हणालं, "मुअल्लिम, तुमचे उस्ताद तुमचा एप्रन घालून स्टेजवर आले की हो!" बस्स. पुढचं विचारायला वडील थांबलेच नाहीत. त्यांना वाटलं, हा सन्मान आहे. त्यांनी अख्ख्या गल्लीची तिकिटं काढली. आईनं मखमली पोशाख घातला. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो.

उस्ताद एप्रन घालून आले, तेव्हा पहिली टाळी माझ्या वडिलांची होती. मग उस्ताद म्हणाले, "बो-बो-बोई." थिएटर कोसळलं. वडील थोडं हसले. मग शिळ्या माशाचं वाक्य आलं आणि आमची गल्ली माना वळवून वळवून वडिलांकडे बघू लागली. त्यांनी मान खाली घातली. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं येत ती "अम्म सरदीन, मा-मा-मासा द्या" म्हणतच. तुमच्यातलेही काही जण होते हं, गॅलरीवाले! मी नावं घेत नाही, आज समारंभ आहे.

वडील एकदाच पुन्हा मागच्या दाराशी गेले. मी बरोबर होते. "उ-उस्ताद, न-नका करू ते." उस्ताद हसून म्हणाले, "काका, मी तुम्हाला अमर केलं. आभार माना!" आणि गाडीत बसले.

वडिलांनी मग दुकानात पाटी टांगली. भाव खडूनं लिहायचे. बोलायचंच सोडलं, घरीसुद्धा. चौदा वर्षांनी ते वारले, तेव्हा शोकमंडपात एक जण हळहळून म्हणाला, "अम्म सरदीन गेला बिचारा."

त्यानंतर महिन्याभरात मी इथं प्रॉम्प्टरच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीत सांगितलं, रंगभूमीवर प्रेम आहे. डॉक्टरसाहेब, मुलाखत तुम्हीच घेतलीत. ते खोटं होतं.

एकोणीस वर्षं मी ताकास तूर लागू दिली नाही. उस्तादांचं वय झालं, पाठांतर सुटत गेलं. आधी मी त्यांना ओळी द्यायचे, मग अर्ध्या ओळी, शेवटी शब्द न् शब्द. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात ना, पण सुपातल्यांचीही पाळी येते. मी फक्त वाट पाहत होते.

गेल्या गुरुवारचा निरोपाचा प्रयोग तुम्ही सर्वांनी पाहिला. अम्म सरदीनच्या प्रवेशात उस्ताद अडले. माझ्याकडे पाहिलं. ओळ माझ्या जिभेवर होती. मी ती गिळली. "बो..." म्हणाले, "बो..." पुढं काही येईना. ओठ थरथरले, कपाळावर घाम आला. तब्बल चाळीस सेकंद! तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात. वर्तमानपत्रानं लिहिलं, अभिनयाचा कळस. अभिनय नव्हता तो. माझे वडील रोज गिऱ्हाइकांसमोर असेच उभे असायचे.

प्रयोगानंतर उस्ताद मला म्हणाले, "इन्शिराह, डोळा लागला होता का गं तुझा?"

म्हटलं, "नाही उस्ताद. चांगली जागी होते."

असो. मला बोलू दिलंत, याबद्दल अध्यक्षांचे आभार. चहा आणि फुलांची व्यवस्था करणाऱ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात अधिकउणा शब्द गेला असेल, पाहुण्यांचा मान राखण्यात कसूर झाली असेल, तर पोटात घाला. त्या चाळीस सेकंदांची क्षमा मात्र मी मागणार नाही.

आता उस्ताद सत्काराला उत्तर देतील. त्यांची भाषणं मीच मोठ्या अक्षरांत लिहून देते, हे सर्वांना ठाऊक आहे. आजचंही दिलं आहे. स्टँडवर कागद ठेवला आहे. त्यावर एकच ओळ आहे: 'अम्म सरदीनचं खरं नाव जाबिर मुतवल्ली होतं, आणि मी त्याची माफी मागतो.'

या उस्ताद. वाचा. वेळ लागला तरी चालेल, इथं कुणी हसणार नाही.