बर्फातली हवा

डिंपल : सकाळीच पुण्याले हो कळवलं, आई. नोकरी पक्की झाली.

कौशल्याबाई : म्हन्जे आता दर दोन वर्सांनी गठुडं बांधाचं नाही?

डिंपल : नाही. कॉलेजात शिकवायचं. साठीपर्यंत एकच जागा.

कौशल्याबाई : बरं झालं बाई. गोवा झालं, नार्वे झालं, मंग ते डेन्मार्क. मोताळ्यात लोकायले सांगता सांगता माहीच जीभ अडखळे. पन तुहं तोंड काऊन उतरलं?

डिंपल : अंटार्क्टिकाचंही बोलावणं होतं. त्याइले अजून काही कळवलं नाही.

कौशल्याबाई : बर्फात पाह्यता तरी काय तुम्ही?

डिंपल : जुनी हवा. बर्फावर बर्फ पडतो अन् मधातली हवा बुडबुड्यात कोंडून राह्यते. खोल गेलं की लाखो वर्षांची हवा हाती लागते. थांब, वांगे खाली ठेव. हे मोबाईलवर ऐक. तसा एक तुकडा मी पाण्यात टाकला होता.

कौशल्याबाई : तीळ भाजल्यावानी तडतडून राह्यलं.

डिंपल : एकेक बुडबुडा फुटून राह्यला. कोंडलेली हवा सुटते.

कौशल्याबाई : कोनाच्या वक्ताची म्हनली?

डिंपल : कोणाच्याच नाही. तवा आपल्यासारखा माणूस जन्मलाच नव्हता.

(कौशल्याबाई डोक्यावर पदर घेते.)

कौशल्याबाई : म्हन्जे कशाले नावच नव्हतं. ना नदीले, ना वाऱ्याले.

डिंपल : हाव.

कौशल्याबाई : अन् थे तू आयकलं.

डिंपल : मी अन् आमच्या लॅबमधले दोघं.

कौशल्याबाई : पुण्यात हे राह्यन?

डिंपल : पुस्तकात राह्यन. पोरांना शिकवीन.

कौशल्याबाई : मंग हो काऊन म्हटलं?

डिंपल : तुह्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवा मी बर्फावर अडकली होती. विमानच निघेना. तंबूत बसून रडली मी, आई.

कौशल्याबाई : दवाखान्यात रुखमाबाई होती शेजारची. चालून राह्यली न मी आता? पन पुढंही असंच होईन. एखाद्या वक्ती मी जाईन अन् तू पोचनार नाही. मले समजते थे.

डिंपल : म्हणूनच तर हो म्हटलं.

कौशल्याबाई : पुण्यावाल्यांले नाही म्हन.

डिंपल : आई...

कौशल्याबाई : भेव मलेही वाटते. पन एवढं आयकल्यावर तुले इथं राह्य म्हनाले तोंड उघडत नाही माहं.

डिंपल : बरं. उद्या फोन करते.

कौशल्याबाई : आताच कर. उद्यापर्यंत माहा धीर टिकाचा नाही.